छंदमेळाव्याचं पत्रक करतेय : दोन घड्यांच्या कागदात अकरा जणींची मतं कशी बसवू?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. आमचा विणकाम, भरतकाम, गोधडीवाल्यांचा एक हौशी गट आहे, पुण्यात. १० आणि ११ जानेवारीला एरंडवण्यातल्या एका कार्यालयात दोन दिवसांचा मेळावा घेतोय. साठेक टेबलं, दहा कार्यशाळा, एक प्रदर्शन. मागच्या वर्षीचं पत्रक एकीच्या भाच्याने करून दिलं होतं. तो आता शिकायला जर्मनीला गेला आणि "तुला कॉम्प्युटर येतो ना गं" म्हणत ते काम माझ्या गळ्यात पडलं. मला कॉम्प्युटर येतो म्हणजे बँकेत असताना मी एक्सेल भरायचे.

एफोर कागद आडवा, दोन घड्या, सहा पानं, एवढं ठरलंय. पण समितीच्या ग्रुपवर रोज भर पडतेय. अध्यक्षांचं मनोगत, फोटोसकट. अकराही सदस्यांची नावं. चौदा दुकानदारांचे लोगो, "एकाचा मोठा, दुसऱ्याचा लहान नको". हस्तकलेचं महत्त्व सांगणारा परिच्छेद. एक कविता (हो). आणि पहिल्या पानावर कोलाज, ज्यात प्रत्येकीची एक तरी वस्तू आलीच पाहिजे. म्हणजे बत्तीस फोटो, दहा सेंटिमीटर रुंदीत.

कच्चा नमुना खाली डकवलाय. मोकळेपणाने बोला, रडणार नाही. फार नाही.

पावशेर
धाग्यांच्या मेळाव्यावर धागा. विणत राहा, आम्ही वाचतोय.

मोगरा७२
नमुना पाहिला. रंग जरा भडक वाटले. कविता मात्र छान आहे हो.

सुईदोरा
मोगराताई, तुम्ही आमच्या समितीत नाही ना?

गुंता
तुमचा नमुना छापून सासूबाईंच्या हातात दिला. वय ७१, लोकरीचे गुंडे कपाटात मावत नाहीत म्हणून सोफ्याखाली ठेवतात. म्हणजे तुमचं हक्काचं गिऱ्हाईक. चष्मा लावून त्यांनी पुढून-मागून पाहिलं आणि विचारलं, "कधी आहे?" तारीख चौथ्या पानावर मनोगताच्या खाली आहे. ती मी बोट ठेवून दाखवली. मग विचारलं, "लिफ्ट आहे का?" ते कुठेच नाही. मग, "मला ते शटलवालं टॅटिंग, ती गाठींची लेस, शिकायचंय, पण अगदी कोरी पाटी असलेल्यांना घेतात का?" तेही नाही. मग त्यांनी कविता वाचली, म्हणाल्या बरी आहे, आणि त्या कागदावर वाटाणे सोलले.

चेष्टा बाजूला ठेवू. घरातून निघायच्या आधी माणसाला जे प्रश्न पडतात तेवढ्यांची उत्तरं पत्रकात हवीत. कार्यशाळेचं साहित्य शुल्कातच आहे का वेगळं? सुई घरून आणायची तर किती नंबरची? जेवायची सोय? डावखुऱ्यांना कोण शिकवणार? (मी डावखुरी आहे. क्रोशाच्या वर्गात बाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "तू आरशात बघून कर." अजून राग आहे.)

मनोगत स्वागतकक्षात फ्लेक्सवर लावा. तिथे वाचतील. निदान समोर उभं राहून फोटो तरी काढतील.

कोल्हापुरी_ठसका
पत्रकात "गोधडी" लिवलंय, आमच्याकडं वाकळ म्हणतात. वाकळ लिवा, कोल्हापूर-सांगलीची माणसं येतील.

माड_आणि_माती
सीमेपलीकडे गेलात की तीच कवदी होते. उत्तर कर्नाटकात सिद्दी बायका शिवतात त्या कवंद्या बघा कधी, जुन्या कपड्यांचे तुकडे पण रंगाची जाण अशी की बघत बसावं.

कोल्हापुरी_ठसका
बघितल्यात. पण उबेला वाकळच.

जुळारी
पेठेत छापखान्यात हयात गेली. खिळे जुळवण्यापासून सुरुवात, मग ऑफसेट, शेवटी डिजिटल. मजकुराचं तुमचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो.

तुमच्या नमुन्यात तिन्ही पानं ९९ मिमीची आहेत. अशी घडी बसत नाही. आत दुमडलं जाणारं पान अडकतं, कागद फुगतो, दाबला की चुणी पडते. आत जाणारं पान ९७ करा, बाकीची दोन १००-१००. २९७ झाले. आणि आता लक्ष द्या, इथेच बहुतेक जण गोता खातात : आतल्या बाजूला ते ९७चं पान उजवीकडे येतं, तर बाहेरच्या बाजूला डावीकडे. दोन्ही बाजूंना एकच मांडणी ठेवलीत तर घडी मजकुरावरून जाणार. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी एक कोरा कागद घ्या, दुमडा, पेन्सिलीने १ ते ६ आकडे टाका, मग उलगडून बघा. माझ्याकडे तीस वर्षांच्या अनुभवाचे डिझायनर यायचे, तेही हेच करायचे.

ब्लीड म्हणजे काय ते तुम्हा शिवणाऱ्यांना सांगायला नको. कापड बेतताना माया सोडता ना? तेच. पार्श्वभूमीचा रंग किंवा फोटो चारी कडांना ३ मिमी बाहेर काढा, कारण कटिंगचं पातं केसभर इकडेतिकडे होतंच. मजकूर कडेपासून ५ मिमी आत ठेवा. तुमच्या नमुन्यात अध्यक्षांचा उजवा कान अगदी कडेला आहे. जाईल.

कागद १३० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम) पुरे. जाड हवा असा हट्ट झाला आणि १७०च्या वर गेलात तर घडीआधी क्रीझिंग मारून घ्या, म्हणजे घडीच्या रेघेवर खाच दाबून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. गडद जांभळ्या रंगावर ती पांढरी रेघ आयुष्यभर डोळ्यांत खुपेल. चकचकीत लॅमिनेशन करू नका. लोक त्यावर पेनाने खुणा करणार, बारा वाजता ही कार्यशाळा, तीन वाजता ती. लॅमिनेशनवर पेन उठत नाही.

काळी अक्षरं नुसत्या काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेलं काळं बारीक अक्षराला चालत नाही. ठसे जरा हलले की अक्षराला रंगीत सावली येते आणि लोकांना वाटतं आपलाच चष्मा बदलायला झाला.

सुईदोरा
जुळारीकाका, "माया" वाचलं आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला! गेले चार दिवस ब्लीडचे इंग्रजी व्हिडिओ बघत होते. आत्ता रद्दीचा कागद दुमडून आकडे टाकले. माझं मुखपृष्ठ चक्क आतल्या घडीत गेलं होतं.

नवशिकी
भाबडा प्रश्न : छापायचंच कशाला? व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरवा, फुकट.

गुंता
व्हॉट्सॲपवरचं चित्र दुसऱ्या दिवशी शंभर सुप्रभातांखाली गाडलं जातं. सासूबाईंचं छापील पत्रक फ्रिजवर चुंबकाखाली असतं, गॅसच्या नंबराशेजारी. आणि तुळशीबागेत, बोहरी आळीत लोकर-मणी-लेसच्या दुकानांच्या गल्ल्यापाशी गठ्ठा ठेवता येतो. तिथे येणारी प्रत्येक बाई तुमचीच.

नवशिकी
पण ते गठ्ठे मग तिथेच पडून राहतात ना. मागे आमच्या संस्थेने दोन हजार छापली, बाराशे उरली. नातेवाइकांची पोरं अजून मागच्या बाजूला गणितं सोडवतायत.

जुळारी
नवशिकींचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून आधी मोजा. दुकानं किती, वर्ग किती, प्रत्येक ठिकाणी किती उचलली जातील. पाचशे-सातशेच असतील तर डिजिटलवर काढा, १२ बाय १८च्या कागदावर दोन बसतात. काही हजारांत जात असाल तरच ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च परवडतो. "जास्त छापली की स्वस्त पडतात" हे खरं, पण उरलेली स्वस्त पत्रकं सगळ्यात महाग.

बर्मिंगहॅमकर
इथे दर उन्हाळ्यात एनईसी या प्रदर्शन केंद्रात गोधड्यांचा मोठा महोत्सव भरतो, फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तास नुसती हरवले होते. तेव्हापासून कुठल्याही प्रदर्शनाच्या पत्रकात मी आधी टेबलांचा नकाशा शोधते. सुईदोरा, साठ टेबलं म्हणजे थोडी नाहीत. मधल्या पूर्ण पानभर साधा आराखडा द्या : दार इथे, चहा इथे, स्वच्छतागृह इथे, टेबलांना आकडे. मग दुकानदारांचे लोगोही लागत नाहीत. आकड्यापुढे नाव, सगळ्यांना एकाच मापाचं. लहान-मोठं भांडण आपोआप मिटतं.

आणखी एक. क्रोशाच्या कार्यशाळेत नमुना ब्रिटिश पद्धतीचा का अमेरिकन, ते लिहा. इथे ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात. मी एकदा इथल्या नमुन्यावरून बाळाची टोपी विणली, अमेरिकन हिशेबाने. ती माझ्या नवऱ्याला बसली.

अक्षरमात्रा
क्रोशा, क्रोशे, क्रोश्या... नमुन्यात तिन्ही आहेत. एक ठरवा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लहानसा आकडा, तेव्हा कुठलाही आकडा लावा, पण एकच लावा.

आता माझा आवडता विषय. नमुन्यात "दुसऱ्या दिवशी"मधला ऱ्या फुटलाय आणि "क्रोशा"चा क पाय मोडून पडलाय. फाँटचा दोष नाही, सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा आहे. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय चालू करावा लागतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. तो चालू नसेल तर जोडाक्षरं अशीच हात-पाय तोडून बसतात. छापायला देताना अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे अक्षरांची रेषाचित्रं) करून द्या, म्हणजे छापखान्यात तो फाँट नसला तरी चालेल. फक्त त्याआधीची प्रत जपून ठेवा, कर्व्ह केल्यावर वेलांटीसुद्धा बदलता येत नाही.

पुढे : "ल" आणि "श" मराठी वळणाचे आहेत का बघा. पाकळीचा ल, देठाचा श. २००९च्या शासन निर्णयातही तेच रूप आहे. बऱ्याच फाँटांत उघडल्या उघडल्या हिंदी वळण येतं, भाषा मराठी निवडली की बदलतं. मुक्ता वापरा, फुकट आहे, मुंबईच्या एक टाइपचा आहे, जाड-बारीक सात वजनांत मिळतो. आणि कृपा करून अख्खं पत्रक त्या वळणदार लग्नपत्रिकेच्या फाँटमध्ये करू नका.

पावशेर
शेवटी "आमच्या मावचीच्या प्रदल्छनाला याच हं" हवंच. आपला नम्र : चि. लोकरगुंडा.

अक्षरमात्रा
पावशेर 😀
एक राहिलं. अक्षर ९ पॉइंटचं दिसतंय. इंग्रजीत ९ खपून जातं, देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, मधल्या अक्षराला जागाच उरत नाही. ११च्या खाली जाऊ नका आणि ओळींत जरा हवा सोडा. जागा पुरत नसेल तर मजकूर कापा, अक्षर कापू नका.

स्लोलोकल
गेली नऊ वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी रोज विणत जातो. खिडकी मिळाली तर मोजे, नाही मिळाली तर मफलर, कारण उभ्याने पाच सुया झेपत नाहीत. डब्यात सुरुवातीला लोक बघायचे, आता ऑर्डरी देतात. तुमच्या पत्रकाची सुरुवात आहे, "या भगिनींनो, या मैत्रिणींनो". तिथेच मी घडी घालून परत ठेवलं असतं.

सुईदोरा
स्लोलोकल, माफ करा. लिहिताना जाणवलंसुद्धा नाही. आमच्या गटात दोन पुरुष आहेत आणि त्यातला एक तर कशिदा असा काढतो की उलट बाजूसुद्धा दाखवावी. त्यालाही हे पत्रक गेलंय, बिचारा काही बोलला नाही. बदलते. आणि तुम्ही या. मोजे घेऊन या.

मोगरा७२
कोलाज ठेवा मात्र. सगळ्यांच्या वस्तू आल्या की सगळ्यांना आपलं वाटतं.

गुंता
आणि न आलेल्या सातशे जणांना काहीच वाटत नाही. बत्तीस फोटो दहा सेंटिमीटरमध्ये म्हणजे टिकल्यांचं पाकीट.

माड_आणि_माती
एकच फोटो. मोठा. आणि माझं ऐकाल तर पूर्ण झालेल्या वस्तूचा नको. आमच्या घरी क्रोशाची टेबलक्लॉथं आजीपासून आहेत, लोक बघतात, "वा" म्हणतात आणि पुढे जातात. पण आई ओसरीवर अर्धवट काम घेऊन बसली की जो येतो तो शेजारी टेकतो. दोरा बोटाला गुंडाळलेला, शेवटचा खांब (क्रोशाचा उंच टाका) अर्धा ओढलेला, असे हात दाखवा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे मलाही जमेल.

फोटो काढायचा तर फ्लॅश नको, टाके सपाट होतात. सकाळी खिडकीशी बसवा, उजेड बाजूने येऊ द्या, प्रत्येक टाक्याला सावली पडते आणि वीण उठून दिसते. गडद लाल लोकर टाळा, मोबाइलमध्ये तिचा नुसता लाल ठिपका होतो.

जुळारी
फोटोचं बरोबर सांगितलंत. त्यात माझी भर : तो फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १०० मिमी रुंद फोटो नीट छापायला सुमारे १,१८० पिक्सेल रुंदी लागते. चार जणींच्या ग्रुपमधून फिरून, कापून आलेल्या फोटोत तेवढा जीव उरत नाही. आणि स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी आणि मोरपंखी कागदावर तसा येणार नाही, मळकाच येणार. आधी एक नमुना प्रत काढून बघा आणि समितीला तीच दाखवा, मोबाइल नव्हे.

नवशिकी
क्यूआर कोड टाका की. कार्यशाळांची नोंदणी तिथून.

गुंता
टाका, पण फुकटच्या साइटवर मधला दुवा देणारा कोड करू नका. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाचा कोड पंधरा दिवसांनी "मुदत संपली, पैसे भरा" म्हणायला लागला, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री. थेट फॉर्मचा पत्ता असलेला साधा कोड करा. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी, आणि घडीवर तर अजिबात नको. शेजारी फोन नंबरही द्या. सासूबाई कोडकडे बघून म्हणाल्या, "हा कुठला टाका?"

कोल्हापुरी_ठसका
सासूबाईंचा वेगळा धागा काढा. आम्ही वर्गणी देतो.

सुईदोरा
मंडळी, पाच दिवसांनी उगवतेय. समितीची बैठक झाली. जुळारीकाकांच्या सल्ल्याप्रमाणे छापलेली नमुना प्रत नेली होती, आणि गुंताताईंची वाटाण्याची गोष्ट वाचून दाखवली. अध्यक्षबाईच सगळ्यात जास्त हसल्या आणि म्हणाल्या, मनोगत काढ. (कान वाचला.)

नवा नमुना डकवलाय. मुखपृष्ठावर हातांचा एक फोटो. आमच्या गटातल्या ऐंशीच्या आजी आहेत, त्यांच्या बोटावर सुईने पडलेला घट्टा दिसतो. त्यांना आधी आवडलं नाही, "नेलपॉलिश तरी लावू दे" म्हणाल्या. मग लावलं. खाली तारीख, वेळ, जागा, "नळ स्टॉप मेट्रोपासून चालत सात मिनिटं". आत मधल्या पानावर टेबलांचा नकाशा. उजवीकडे दहा कार्यशाळांचा तक्ता : वेळ, शुल्क, साहित्य कुणाचं, पहिल्यांदाच करणाऱ्यांना चालेल का. डावखुऱ्यांसाठी शनिवारी दुपारी वेगळी बॅच, गुंताताई, ही तुमच्यामुळे. लिफ्ट आहे. "गोधडी / वाकळ" दोन्ही लिहिलंय. मागच्या पानावर अर्धी जागा कोरी सोडलीय, खुणा करायला. ती कोरी जागा वाचवायला मला बैठकीत चाळीस मिनिटं लागली.

भाऊ पेन ड्राइव्ह घेऊन छापखान्यात निघालाय. कसं वाटतंय सांगा!

स्लोलोकल
"सुई-दोरा हाती धरणाऱ्या सगळ्यांनो" वाचलं. येतो. मोजे आणतो.

बर्मिंगहॅमकर
नकाशात चहाचं टेबल स्वच्छतागृहाला अगदी चिकटून दाखवलंय, तेवढं बघा. बाकी झकास.

पावशेर
सुईदोरा, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही १० आणि ११ जानेवारी लिहिलंय. मुखपृष्ठावर "शनिवार ११, रविवार १२" आहे. कालनिर्णय काढून बघितलं, शनिवार १०लाच आहे.

सुईदोरा
अगं बाई. मागच्या वर्षीच्याच फाइलवर काम केलंय मी. तारखा त्यातल्याच राहिल्या. अकरा जणींनी वाचलं!!

जुळारी
सगळ्यांनी वाचलं म्हणजे कुणीच वाचलं नाही. एका संस्थेच्या चार हजार पत्रकांत फोनचा एक आकडा चुकला होता, आम्ही रात्रभर बसून चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मशीनवर चढलं का?

सुईदोरा
नाही! भाऊ लक्ष्मी रोडवर अडकलाय, पाऊण तास एकाच जागी आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रॅफिकला नमस्कार केला. परत बोलावलंय. तारीख, वार, फोन, शुल्क, आता एकेक आकडा मोठ्याने वाचतेय आणि भाचीला मूळ कागदावर टिचक्या मारायला बसवलंय.

मोगरा७२
मग आता वेळ आहेच, तर त्या मागच्या कोऱ्या जागेत चारच ओळी बसतात का बघाल?

सुईदोरा
मोगराताई, मला माहीत होतं!!!